हेमंतरावांचं जड पेडल

हेमंतराव शेडग्यांच्या सायकलचं पेडल जड झालंय, ही बातमी दुपारच्या आत साताऱ्याच्या साऱ्या सदरबझारात झाली होती. ती पसरवण्याचं काम अर्थातच हेमंतरावांनी स्वतः केलं होतं. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना एखादं यंत्र बिघडलं म्हणजे चिंता वाटत नसे. बोलायला विषय मिळाल्याचं समाधान वाटे. नोकरीच्या सबंध काळात त्यांनी एकही स्क्रू पिळला नव्हता, सह्या मात्र पुष्कळ केल्या होत्या. तरी ‘शेवटी इंजिनिअरचा हात आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी असं बसलं होतं, की ते ऐकलं की त्यांच्या बायकोची, उज्ज्वलाबाईंची, मान आपोआप दुसरीकडे वळे.

त्या दिवशीही वळली. अंगणात सायकल आडवी पाडलेली होती आणि तिच्याभोवती हेमंतराव आणि भोईटे सर उभे होते. भोईटे सर हे निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर त्यांनी मुलांना उलट प्रश्न विचारू दिला नाही, आणि आता तो नियम ते स्वतः पाळत होते.

“बेअरिंग,” हेमंतराव म्हणाले.

“बेअरिंगच,” सर म्हणाले.

“किंवा चाकातली हवा.”

“हवासुद्धा असू शकते.”

“बॅटरीचा दोष नाही, हे नक्की. मागचा दिवा बघा कसा हिरवागार पेटतो. आख्ख्या सायकल मंडळात एवढा लखलखीत दिवा कुणाचा नाही. म्हणजे दोष यांत्रिक आहे. इलेक्ट्रिकचा प्रश्न संपला.”

उज्ज्वलाबाईंनी चहाचे कप ओट्यावर ठेवले आणि त्या आत गेल्या. सायकलचं काहीही बिघडलेलं नव्हतं. त्या काल दुपारी घाट चढून यवतेश्वरला जाऊन आल्या होत्या, एवढंच.

आता हे नीट समजायला हवं असेल, तर ती सायकल काय चीज होती ते सांगायला हवं.

पूर्वीच्या सायकलीत पेडल फिरलं की साखळी फिरे आणि साखळीनं चाक. चढ आला की तो थेट पायाला कळे. या नव्या सायकलींना साखळीच नव्हती. पेडल फिरवलं की सायकलच्या पोटातलं एक लहानसं जनित्र फिरायचं, त्याची वीज बॅटरीत जायची, आणि मागच्या चाकातली मोटर आपल्याला लागेल तेवढी वीज बॅटरीकडून घ्यायची. पाय आणि रस्ता यांची कुठंच गाठ पडत नव्हती. मग पायाला जडपणा जाणवावा कसा? ज्यांनी लहानपणी सायकलच्या टायरला घासणारा डायनामो वापरला असेल, त्यांना ते चटकन कळेल. दिवा लावला की पेडल जड होई. जनित्र नुसतं फिरवलं तर हलकं असतं; त्यातून वीज ओढली की ते अडायला लागतं, आणि जितकी जास्त ओढावी तितकं जास्त अडतं. या सायकलीत किती वीज ओढायची ते आतली एक चकती ठरवी. म्हणजे पायाला जे लागे तो चढ नसे, कुणीतरी ठरवलेला आकडा असे.

या सायकली विमा कंपनीनं दिल्या होत्या. माणसं आजारी पडली की कंपनीला भुर्दंड, म्हणून त्यांनी पाय हलवावेत अशी ही योजना. लोक लबाडी करणार हे कंपनीला ठाऊक असल्यामुळे बॅटरी सीलबंद होती आणि तिला घरच्या प्लगवर चार्ज करायची सोयच नव्हती. वीज हवी तर पाय मारा. पण घरातली सगळीच माणसं सारखी धडधाकट नसतात, म्हणून कंपनीनं आणखी एक युक्ती केली. घराच्या भिंतीला एक लोखंडी ठाण बसवून दिलं. एका घरातल्या सायकली त्या ठाणावर उभ्या केल्या की त्यांच्या बॅटऱ्या आपसात देवाणघेवाण करत. घरातल्या एका माणसानं भार घ्यायचा. दुसऱ्याला जेवढी वीज लागली असेल तेवढी दुसऱ्या दिवशी पहिल्याच्या पेडलमधून जास्तीची ओढली जायची; हवं तर फोनवरून भार याहून कमी-जास्तही करता येई. भार घेणाऱ्याच्या सायकलला मागे हिरवा दिवा. भार जितका जास्त तितका दिवा प्रखर. वीज घेणाऱ्याच्या सायकलला पिवळा.

हे सगळं दुकानातल्या पोरानं व्यवस्थित समजावून सांगितलं होतं. म्हणजे सांगायला सुरुवात केली होती.

“काका, घरचा भार कोण–”

“मीच,” हेमंतराव म्हणाले.

“म्हणजे पूर्ण ऐकून घ्या, भार म्हणजे–”

“अरे बाबा, आमच्या घरात दुसरं आहे कोण? मीच घालून घे.” आणि त्यांनी भोईटे सरांना फोन लावला, सायकल घेतल्याचं सांगायला.

पोरगं गोंधळलं आणि मग उरलेलं सगळं उज्ज्वलाबाईंना सांगत बसलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं. ‘उषःकाल सायकल मंडळा’तल्या प्रत्येक पुरुषानं आपापल्या वेळी त्याच दुकानात तेच उत्तर तितक्याच घाईनं दिलं होतं, हे त्यांना पुढे त्यांच्या बायकांकडून कळलं. त्या मंडळात एकाही घरी प्रश्न पूर्ण ऐकला गेला नव्हता.

सुरुवातीला उज्ज्वलाबाईंनी त्याचा काही विचार केला नाही. गुडघे दोन्ही गेलेले. मंडईपर्यंत जाऊन यायचं, एवढीच हौस. पण एके दिवशी त्या बोगद्याच्या बाजूला सहज वळल्या, घाटाचा रस्ता सुरू झाला आणि तरी पाय हलकेच फिरत राहिले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. खाली सातारा लहान होत गेला आणि गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. वरती पठारावर पोचल्यावर त्यांना कळलं, की आपण रजनीवन्संच्या दारात आलो आहोत.

रजनी ही हेमंतरावांची थोरली बहीण. तिचं नाव त्या घरात कैक वर्षं कुणी घेतलं नव्हतं. करंजे गावातली वडिलांची जमीन भावाच्या नावावर करायची वेळ आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे हेमंतराव पैठणी घेऊन बहिणीकडे गेले होते आणि पैठणीबरोबर हक्कसोडपत्र. बहिणीनं घडी उलगडून साडी पाहिली, पदरावरून हात फिरवला आणि म्हणाली, “साडी छान आहे. सही करणार नाही.” तेव्हापासून हेमंतराव भाऊबीजेला चुलतबहिणीकडे जात. तिनं ओवाळलेलं त्यांना चाले; तिनं सही केली होती.

वन्संचे यजमान गेले, मूल नव्हतं. यवतेश्वरच्या पठारावर त्या एकट्या राहत. आयुष्यभर वाचण्याखेरीज दुसरं व्यसन नाही, आणि आता डोळ्यांनी दगा दिला होता. कडेचं दिसे, जिथं बघावं नेमका तिथंच डाग. पुस्तकं वाचून दाखवणारी यंत्रं होती, अगदी गोड आवाजाची. वन्संनी ती पुतण्याला देऊन टाकली होती.

“अगं, ते सगळं एकाच भक्तीनं वाचतं,” त्या म्हणाल्या होत्या. “लेखक मूर्ख आहे हे त्याला कळतच नाही. तू वाचतेस तेव्हा तुझ्या आवाजावरून कळतं.”

तर उज्ज्वलाबाई दुपारी वाचायला जाऊ लागल्या. घरी सांगितलं होतं, भजनाला जाते. कुठल्या भजनाला हे हेमंतरावांनी विचारलं नाही. विनाचालक रिक्षानं जायची सोय होती, पण रिक्षाचं खातं हेमंतरावांच्या फोनवर, आणि रिक्षा कुठं गेली, कुठं थांबली हे ती इमानेइतबारे त्या फोनला कळवी. सायकल मात्र गप्प असे. ती फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या पायातून वसुली करी.

त्या आठवड्यात त्यांनी मंडळाची स्मरणिका नेली होती. तीत हेमंतरावांचा लेख होता.

“‘सायकल ही केवळ सायकल नसून,’” उज्ज्वलाबाईंनी वाचलं, “‘ते जीवनाचं चाक आहे.’”

“एकच?” वन्सं म्हणाल्या.

“एकच दिलंय.”

“पुढं.”

“‘पेडल मारताना मला नेहमी असं जाणवतं, की मी एकटा नाही. कुणीतरी माझ्यासोबत आहे.’”

वन्संनी पदर तोंडाला लावला. हसू आवरायला त्यांना बराच वेळ लागला. “असेल बाई,” त्या शेवटी म्हणाल्या. “कुणीतरी सोबत आहे, हे त्याला आयुष्यात प्रथमच जाणवलं म्हणायचं. फक्त कोण ते विचारायचं राहिलं.”

सातारा शहरात दोन म्हाताऱ्या बायका इतक्या मनसोक्त कुणाला हसल्या नसतील. उज्ज्वलाबाईंना त्या हसण्याची सवय लागली होती. लग्नानंतर त्या घरात त्यांनी जे जे गिळलं होतं ते इथं वर आणून, वाऱ्यावर ठेवून, दोघींनी मिळून पाहायचं. हा एवढा एकच कोपरा त्यांना मिळाला होता. वन्संना तर तेवढाही नव्हता. उज्ज्वला आली नाही तर त्यांच्या दारात दुधवाल्याखेरीज माणूस दिसत नसे.

खाली पेडलचं संशोधन चालूच होतं. मध्ये वन्सं तपासणीसाठी पुण्याला गेल्या, तेव्हा उज्ज्वलाबाई आठवडाभर घरीच राहिल्या. नेमक्या त्याच आठवड्यात हेमंतरावांनी सायकलला तेल घातलं. ज्या यंत्राला साखळी नाही त्याच्यात तेल घालायला जागा शोधणं सोपं नव्हतं, पण त्यांनी ती शोधली. दुसऱ्या दिवशी पेडल लोण्यासारखं फिरलं. संगम माहुलीच्या चहाच्या टपरीवर त्यांनी तेलावर व्याख्यान दिलं, आणि मंडळातल्या सगळ्यांनी आपापल्या सायकलीत तेल ओतलं. वन्सं पुण्याहून परतल्या. पेडल पुन्हा जड झालं.

“तेल भेसळीचं होतं,” हेमंतराव म्हणाले.

मग दृष्टीचा विचार झाला. एवढा प्रखर दिवा म्हटल्यावर डोळ्यांवर येणारच. हँडलला लिंबूमिरची लटकली. योगायोगानं त्या दिवशी उज्ज्वलाबाईंना पडसं होतं आणि त्या गेल्या नव्हत्या. त्यामुळे पुढे पंधरवडाभर लिंबूमिरचीच्या शास्त्रीय बाजूवर चर्चा झाली. उज्ज्वलाबाई ऐकत असत. त्यांना वाटे, या माणसानं धरणं बांधली. निदान बांधणाऱ्यांच्या कागदांवर सही केली. आणि तरी पाणी अजून खाली वाहतं, ही केवढी कृपा.

पण एका सकाळी हेमंतराव फेरीहून आले ते पायरीवरच बसले. चेहरा उतरलेला, शर्ट अंगाला चिकटलेला. पाणी मागितलं तेही हळू आवाजात. उज्ज्वलाबाईंनी तांब्या दिला आणि मनातल्या मनात दिवस मोजले. आदल्या दोन दिवसांत त्या लागोपाठ वर गेल्या होत्या. तिरस्कार करायला माणूस जिवंत लागतो, एवढं त्यांना कळत होतं. त्या आठवड्यात त्या गेल्या नाहीत. आणि न गेल्याचा राग पुन्हा नवऱ्यावरच काढला. भाजीत मीठ कमी पडलं.

डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर खूश. साखर उतरलेली, रक्तदाब तरुणासारखा. “काय करता काय तुम्ही?” त्यांनी विचारलं. हेमंतराव म्हणाले, “शिस्त.” मंडळानं लगेच शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. काही माणसांचं भलं त्यांच्या नकळतच करावं लागतं, हे उज्ज्वलाबाईंना त्या दिवशी पटलं. कळलं तर ती त्याचाही सत्कार करून घेतात. त्या पुन्हा वर जाऊ लागल्या.

शेवटी भोईटे सरांनीच सुचवलं, की आता सेवा केंद्रात दाखवावं. पोवई नाक्याजवळ ते केंद्र होतं. तिथल्या मुलीनं फोनवर सांगितलं, एका ठाणावरच्या सगळ्या सायकली आणा. त्यामुळे उज्ज्वलाबाईंनाही आपली सायकल घेऊन जावं लागलं. वाटेत त्यांनी एक-दोनदा विचार केला, की गुडघा दुखतो म्हणून परत फिरावं. पण सायकल हेमंतरावांनी नेली असतीच. आणि मग आपल्यामागे कोण काय बोललं हे तरी कसं कळणार?

आफरीन मुलाणी डबा खात होती. तिनं डबा बाजूला सारला, दोन्ही सायकलींना वायर लावली आणि पडद्याकडे पाहत राहिली.

“काका, सायकलला काही झालेलं नाही.”

“पेडल जड आहे.”

“जड असणारच. भार तुमच्यावर आहे ना.”

“कसला भार?”

आफरीननं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं लपवलं नाही. मंडळातले बरेचजण तिच्याकडे येऊन गेले असावेत. “ही दुसरी सायकल जेवढी वीज घेते तेवढी तुमच्या पेडलमधून काढली जाते. घरचा भार तुम्ही घेतलाय. घेताना सांगतात की सगळ्यांना.”

“आमची ही मंडईशिवाय जाते कुठं?”

“मंडई?” आफरीननं पडदा वर सरकवला. “ही सायकल आठवड्यातनं तीन-चारदा मोठा चढ चढते. यवतेश्वरचा घाट.”

उज्ज्वलाबाई भिंतीवरच्या हेल्मेटच्या चित्राकडे पाहत होत्या. चित्रातली बाई खूप आनंदात होती.

“यवतेश्वर?” भोईटे सर म्हणाले. “वहिनी, तुमचं भजन तिथं असतं होय? तिथं तर यांच्या आक्का–” आणि ते गप्प झाले. आयुष्यात प्रथमच त्यांना एखादी गोष्ट वेळेच्या आधी कळली होती.

हेमंतरावांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

“भार कमी करून देऊ का, काका?” आफरीननं विचारलं. “एक मिनिटाचं काम आहे. तुमच्या फोनवरूनही होतं.”

“कर.”

“दिवा मंद होईल तेवढा.”

“म्हणजे?”

“भारावर असतो ना तो. भार काढला की विझतच जातो. नाहीतर काकूंवर भार घाला, मग तुमचं पेडल अगदी हलकं. दिवा पिवळा येईल.”

“पिवळा?” भोईटे सर म्हणाले. “बायकांच्या सायकलींना असतो तो?”

“बायकांचा नसतो, काका. दुसऱ्याच्या जिवावर चालणाऱ्याचा असतो.”

भोईटे सरांनी दारात उभ्या असलेल्या आपल्या सायकलीकडे वळून पाहिलं. “मग माझा हिरवा इतका फिकट का?”

“तुमच्या घरून दुसरं कुणी बाहेर पडत नसेल.”

भोईटे सर आपल्या दिव्याकडून हेमंतरावांच्या दिव्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जमत होतं. उद्या ते माहुलीच्या टपरीवर सांडणार हे हेमंतरावांना कळलं. त्यांनी घसा साफ केला.

“मला ठाऊक होतं हे,” ते म्हणाले. “मुद्दामच ठेवलाय भार. या वयात पायांना काम पाहिजे. जास्त तर होत नाही ना, एवढी खात्री करून घ्यायला आलो.”

“हृदयाला झेपेल त्यापेक्षा जास्त ती ओढत नाही,” आफरीन म्हणाली, आणि तिनं डबा पुढे ओढला.

घरी आल्यावर हेमंतरावांनी चपला काढल्या, पंखा लावला, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“भजनाला म्हणून सांगितलंस.”

“कुठल्या भजनाला ते तुम्ही विचारलं नाहीत.”

“तिनं माझा अपमान केला होता. माझ्या तोंडावर.”

“सही केली नाही. अपमान तुम्हीच वर घेऊन गेला होतात, पैठणीत गुंडाळून.”

“आणि माझ्या घामावर तू तिच्याकडे–” हेमंतरावांना पुढचं वाक्य सापडेना. इतकं नेमकं ते कधी बोलले नव्हते आणि आता बोलल्यावर ते त्यांनाच लागलं. “बंद कर ते.”

“मला नाही बंद करता येत. तुम्हाला येतं. त्या मुलीनं सांगितलं ना, फोनवरूनही होतं.”

त्यांनी फोन काढला. कंपनीचं पान उघडलं. अंगठा वर धरला.

उज्ज्वलाबाईंनी ओट्याची कडा घट्ट धरली होती, आणि ती धरली आहे हे नवऱ्याला दिसू नये म्हणून त्या ओट्याला पाठ टेकून उभ्या होत्या. त्या अंगठ्याखाली काय आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. तो पडला की घाट पुन्हा घाट होणार. पहिल्या वळणाच्या पलीकडे हे गुडघे जाणार नाहीत. वर एक बाई दुपारभर दाराकडे कान लावून बसेल, मग लावायचं सोडून देईल. विनवणी केली तर कदाचित हा विरघळेल, असा एक विचार त्यांच्या मनात आला. पण विनवणीनं मिळालेली वाट रोज विनवावी लागते. रिक्षाचं त्यांनी पाहिलं होतं.

“दाबा,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी नाक्यावर सगळ्यांना दिवा दिसेलच.”

हेमंतराव पाहत राहिले. या बाईनं आपल्याला कुठं पकडलंय हे त्यांना कळत होतं आणि ती पकड सोडवायची तर ज्या गोष्टीवर ते आजवर उभे होते ती सोडावी लागणार, हेही कळत होतं. बहिणीची जमीन मिळवण्यासाठी त्यांनी बहीण सोडली होती. दिवा सोडणं त्यांना जमेना.

“फोन उतरत आलाय,” ते म्हणाले. “नंतर बघू.” आणि तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला.

सकाळी ते निघाले तेव्हा उज्ज्वलाबाई मुद्दाम खिडकीपाशी गेल्या. सायकल फाटकातून बाहेर पडली. मागे हिरवा दिवा पेटला होता, नेहमीइतकाच. हेमंतराव पहिलाच फेरा जड पायांनी मारत होते आणि पाठ अशी ताठ ठेवली होती, की तिच्यावर शाल घातलेली असावी.

टपरीवर काय झालं ते भोईटे सरांच्या बायकोनं, शैलावहिनींनी, सांगितलं. भोईटे सर काही बोलायच्या आत हेमंतरावांनीच विषय काढला होता. हिरवा दिवा म्हणजे काय, भार म्हणजे काय, आणि खऱ्या माणसानं भार का वाढवून घ्यावा, यावर ते चहा गार होईपर्यंत बोलले. शेवटी म्हणाले, ‘ज्याचा दिवा फिकट त्यानं मागे चालवावं.’ मग काय, सगळ्यांनी तिथंच फोन काढले. जो तो आपला भार वाढवू लागला. मंडळातले ते सगळे पोक्त पुरुष त्या दिवशी माहुलीहून परतले ते घाण्याला जुंपल्यासारखे, घामाघूम, पण कुणी थांबायला तयार नाही.

“आमचे तर आल्या आल्या झोपले,” शैलावहिनी म्हणाल्या. “आणि माझी बॅटरी बघते तर काठोकाठ. कशाला एवढी, असं वाटलं आधी. मग म्हटलं, वायाच जाणार, तर माहेरी वाढ्याला जाऊन यावं.” त्या गेल्या आणि दोन दिवस आल्याच नाहीत. भोईटे सरांना भात लावता येत नव्हता. पण दिवा मात्र मंडळात पहिल्या तिघांत आला होता.

उज्ज्वलाबाई व्याख्यानाच्या दिवशीच दुपारी वर गेल्या. घाट इतका सोपा कधीच झाला नव्हता. शेवटच्या वळणावर तर सायकल पायांपुढे आपणच धावत होती. आपल्या पायांखाली फिरतंय ते कुणाचं आहे हे विसरता येण्यासारखं नव्हतं. त्यांना त्याचा आनंद झाला आणि थोडी शिसारीही आली, आणि दोन्ही त्यांनी तशीच ठेवली.

वन्सं दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पावलं ओळखून त्यांनी मान तिरकी केली; समोरचं दिसत नसल्यानं त्या माणसाकडे नेहमी कडेनं पाहत.

“कळलं त्याला?”

“कळलं.”

“आणि तरी आलीस.”

“त्यांनी भार आणखी वाढवून घेतलाय. सराव म्हणून.”

पठारावरचा वारा वन्संच्या पांढऱ्या केसांतून जात होता. मग त्या बोलल्या ते एका निराळ्याच आवाजात. इतक्या दुपारी ऐकूनही तो आवाज उज्ज्वलाबाईंना ओळखीचा नव्हता. धाकट्या भावाला अंगाखांद्यावर खेळवलेल्या मुलीचा असेल.

“म्हणजे शेवटी हेमूच पाठवतो म्हणायचा तुला माझ्याकडे.”

उज्ज्वलाबाईंनी पुस्तकातली खूण काढली. हो म्हणणं फार सोपं होतं. एक शब्द, आणि या बाईला उरलेल्या दिवसांपुरता एक भाऊ मिळाला असता. पण वन्संना खोटं वाचून दाखवलेलं आवाजावरून कळे. आणि या अंगणात त्या दोघींनी मिळून जे उभं केलं होतं, ते खरं बोलण्यावरच उभं होतं.

“पाठवत नाहीत, वन्सं. त्यांना थांबवता येत नाही.”

वन्संनी बराच वेळ मान तिरकीच ठेवली. हसल्या नाहीत.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाला पाठवण्याइतका तो कधी मोठा झालाच नाही. वाच पुढं.”